खेळता सांधा

गौरीजेवणाच्या आदल्या रात्री, सगळं घर झोपल्यावर, मी मुक्ताच्या गाडीच्या सांध्यात गोंदाचे दोन थेंब सोडले. पाच रुपयांना मिळते ती इवलीशी ट्यूब, जिचं तोंड टाचणीनं फोडावं लागतं आणि जी आधी आपली बोटं चिकटवते आणि मग वस्तू. हेतू वाईट नव्हता. दुसऱ्या दिवशी घरात पंधरा पानं उठणार होती, पुण्याची आत्या मुद्दाम इंदूरला आली होती आणि मी प्रत्येकाला आधीच सांगून बसलो होतो, की आमच्या पोरीनं लेगोच्या ठोकळ्यांची मंगळावर जाते तसली गाडी केलीय, आणि ती नुसती ठेवायची नाही, खरंच चालते. ही गाडी दर तिसऱ्या फेरीला डाव्या बाजूच्या एका पिनेतून निसटायची. मुक्ता पालथी पडून ती पिन पुन्हा बसवायची आणि गाडी पुन्हा सोडायची. तिला त्याचं काही वाटत नव्हतं. बघवत नव्हतं ते मला.

जेवणं झाली, विडे झाले, आणि सतरंजीवर मंगळ मांडला गेला. दोन पाट, एक वरवंटा, घडी घातलेल्या चादरीच्या टेकड्या. गाडी निघाली. वरवंट्याशी आली, पुढचं चाक चढलं, आणि डाव्या बाजूचं मधलं चाक जमिनीपासून बोटभर वर उचललं गेलं. तिथंच राहिलं. हवेत गरगर फिरत. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आत्या म्हणाली, "बाई गं, किती हुशार!" मुक्तानं गाडी उचलली, अंगठ्यानं तो सांधा हलवून पाहिला. काळ्या पट्टीवर बुरशी चढावी तसा पांढरा थर आला होता, त्या गोंदाच्या वाफेनं येतो तसा. तिनं तो नखानं खरवडला, वास घेतला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "बाबा, हे हलत नाहीये."

रडली असती तर परवडलं असतं.

या गाडीचं खूळ 2023 च्या ऑगस्टपासूनचं. तेवीस तारखेच्या संध्याकाळी चांद्रयान उतरलं तेव्हा आमच्या गल्लीत फटाके फुटले, कोपऱ्यावरच्या पोहेवाल्यानं जिलबी वाटली. मोठी माणसं रडत होती, आणि दहा वर्षांची मुक्ता विचारत होती की त्यातल्या त्या प्रज्ञान गाडीला सहा चाकं का? आपल्या गाडीला चार पुरतात, रिक्षाला तीन. मला उत्तर येत नव्हतं. पुढं चार दिवसांनी बातमी आली, की प्रज्ञानच्या वाटेत तीन मीटरवर चार मीटर रुंदीचा खड्डा आला, म्हणून त्याला माघारी फिरवलं. मला ही बातमी म्हणजे नामुष्की वाटली. तिला ती उतरण्याच्या बातमीपेक्षा जास्त आवडली. 26 किलोची एक वस्तू, सेकंदाला एक सेंटिमीटर एवढ्या बेतानं चालतेय आणि खड्डा आला म्हणून वळतेय. ही तिला कुणीतरी ओळखीचं असल्यासारखी वाटली असावी. तेव्हापासून गाडी करायची ठरली, आणि तिची अट एकच होती. हॉलमधून स्वयंपाकघरात जाताना जो दगडी उंबरा आहे, तो गाडीनं, कुणी हात न लावता, ओलांडायचा. उंबरा 43 मिलिमीटर उंच. चाकाचा व्यासही तेवढाच. तिनं पट्टी लावून मोजलं होतं.

आमच्याकडचे ठोकळे म्हणजे बारा गावचं पाणी. एक डबा पुण्याच्या मावसबहिणीनं तिचा मुलगा मोठा झाल्यावर दिलेला, थोडे अमेरिकेतल्या भाच्यानं परत नेण्याचा कंटाळा केला म्हणून राहिलेले, आणि काही इथल्याच दुकानातले, बिननावाचे, जे दिसायला तसेच पण बसवताना एक तर शिरत नाहीत किंवा शिरले की धरत नाहीत. मुक्ता डोळे मिटून फरक सांगते. खरा ठोकळा बसतो तेव्हा आवाज होत नाही, बोटाला कळतं, म्हणते. उंचवट्यापासून उंचवट्यापर्यंत बरोबर आठ मिलिमीटर. 1958 साली या बसण्याच्या रचनेचं पेटंट घेतलं गेलं आणि त्या वेळचा ठोकळा आजच्या ठोकळ्यावर बसतो, हे तिनंच मला सांगितलं. आमच्या बँकेत दोन वर्षांपूर्वीचं प्रिंटरचं काडतूस आजच्या प्रिंटरला बसत नाही.

पण खरी गोम पिनांमध्ये आहे, आणि ती मला त्या रात्री माहीत नव्हती. पिना दोन जातींच्या. काळीच्या अंगावर बारीक कंगोरे असतात, ती भोकात घट्ट बसते आणि सहजासहजी फिरत नाही. करडी गुळगुळीत असते, तिच्यावर पट्टी मोकळी फिरते. जिथं जोड हवा तिथं काळी, जिथं सांधा हवा तिथं करडी. मी ज्या पिनेवर थेंब सोडले ती करडी होती.

सहा चाकांचं उत्तर तिला मिळालं ते असं. गाडीच्या प्रत्येक बाजूला एक मोठा हात असतो. त्याच्या पुढच्या टोकाला एक चाक, आणि मागच्या टोकाला एक छोटा हात आडवा टांगलेला, ज्याच्या दोन टोकांना उरलेली दोन चाकं. मोठा हात डुलतो, छोटा हातही डुलतो. स्प्रिंग एकही नाही. त्यामुळे एक चाक दगडावर चढलं तरी बाकीची पाच आपापल्या जागी जमिनीला टेकून राहतात आणि त्या चढणाऱ्याला ढकलतात. 1997 मध्ये मंगळावर गेलेल्या साडेदहा किलोच्या सोजर्नरपासून 2021 मध्ये उतरलेल्या टनभर वजनाच्या पर्सिव्हिअरन्सपर्यंत अमेरिकेच्या सगळ्या गाड्या याच पद्धतीवर चालल्या, आपला प्रज्ञानही. कागदावर हे दहा मिनिटांत समजतं. ठोकळ्यांत उतरवायला मुक्ताला अख्खा उन्हाळा लागला.

पहिल्यांदा तिनं दोन्ही बाजूंचे हात एकाच आडव्या दांड्यावर ओवले. गाडी जमिनीवर ठेवली आणि तिचं धड नमस्कार घातल्यासारखं पुढं कोसळलं. साहजिकच होतं, हात डुलायचे तर धडाला धरणारं कुणीच उरत नाही. मग धड पक्कं केलं तर हात डुलेनात. पंधरा दिवस हाच घोळ. शेवटी तीन तिरक्या दातांची चाकं जुळवून तिनं तो सोडवला: एक डाव्या हाताच्या दांड्यावर, एक उजव्या, आणि दोघांच्या मध्ये तिसरं, धडात बसवलेलं. आता डावा हात वर गेला की उजवा तेवढाच खाली जातो, आणि धड दोघांच्या बरोबर मधोमध राहतं. मंगळावरच्या क्युरिऑसिटी या गाडीच्या पाठीवर याच कामासाठी तराजूसारखी एक आडवी दांडी आहे, मध्यावर फिरणारी. मोटरींचं दुखणं वेगळंच. खऱ्या गाडीत प्रत्येक चाकाच्या पोटात आपली आपली मोटर असते. आमच्याकडे मोटरी दोन. म्हणजे एका मोटरीनं एका बाजूची तिन्ही चाकं फिरवायची, दातेरी चाकांची रांग लावून. शेजारचं चाक उलटं फिरतं, त्याच्या शेजारचं पुन्हा सुलटं. तिची मोजणी एका ठिकाणी चुकली होती, तेव्हा पुढची दोन चाकं पुढं जात होती आणि मागचं मागं. गाडी जागच्या जागी थरथरत उभी. "हे आपल्या घरासारखं आहे," माझी बायको म्हणाली. मी त्यावर काही बोललो नाही.

या सगळ्या काळात अण्णा, माझे वडील, खिडकीजवळच्या खुर्चीत पेपर वाचत असायचे. वय 81. पेपर आता तोंडापुढं धरण्यापुरताच. ते गिरणीत फिटर होते. मी बारा वर्षांचा असताना गिरणी बंद पडली, मग त्यांनी शिलाई मशीन, मिक्सर, पंखे, जे मिळेल ते दुरुस्त केलं. हातात कसब भरपूर, पण दुकान टाकायचं तर खेळतं भांडवल लागतं, ते कधी जमलं नाही. याबद्दल ते बोलत नाहीत. त्यांना बोलायला आवडतं ते झांकीबद्दल, म्हणजे मिरवणुकीतल्या ट्रॉलीवरच्या हलत्या देखाव्याबद्दल.

इंदूरच्या माणसाला अनंत चतुर्दशीची रात्र सांगावी लागत नाही. गिरण्यांच्या झांक्या निघायच्या, अजून निघतात, रात्रभर, आणि आसपासच्या खेड्यांतून आलेली माणसं राजवाड्याच्या रस्त्यावर चादरी टाकून जागा धरायची. पण त्या झांक्या मी कधी समोरून पाहिल्याच नाहीत. मी असायचो खाली. फळ्यांच्या मंचाखाली, अण्णांच्या गुडघ्याशी, हातात तेलाची नळीवाली बुधली घेऊन. वर वसुदेव टोपली डोक्यावर घेऊन यमुना ओलांडायचा. खाली त्याचं पाऊल म्हणजे लाकडाची एक ओबडधोबड लंबगोल चकती होती, तिच्यावर टेकलेला एक दांडा, सायकलची चेन आणि एक मोटर. चकतीचा फुगीर भाग आला की पाय वर. यमुनेचं पाणी म्हणजे दुसऱ्या दोन चकत्या, निळ्या कापडाखाली. जनरेटरचा धूर, ग्रीसचा वास, फटीतून येणारा गुलाल. वसुदेवाचा पाय उचलला की वरून लोकांचा हो असा आवाज यायचा आणि आम्हाला कळायचं, की उचलला. अण्णा डोळे अर्धे मिटून कान देऊन बसायचे. "डावीकडचं कोरडं बोलतंय, एक थेंब," म्हणायचे. मी एक थेंब सोडायचो.

एका वर्षी नवीन लागलेल्या एका पोरानं सगळे नट पान्यानं गच्च आवळून टाकले होते. झांकी हलू नये म्हणून. जेल रोडपर्यंत सगळं ठीक, पुढं ट्रॉलीचं चाक एका खड्ड्यात गेलं आणि वसुदेवाचा गुडघा काडकन मोडला. अण्णा त्या पोरावर ओरडले नाहीत. त्यांनी पाना घेऊन प्रत्येक नट अर्धा अर्धा फेरा सैल केला आणि म्हणाले, "रस्ता हलवणारच रे. सांधा खेळता ठेवायचा."

खेळता. खेळती हवा म्हणतो आपण, खेळतं पाणी म्हणतो. इंजिनिअर लोक याला प्ले म्हणतात, आमच्या चौकातला मेकॅनिकही स्कूटरच्या क्लचला हात लावून "प्ले कमी आहे भिया" म्हणतो. पण मला लहानपणापासून हा शब्द अण्णांच्या आवाजात ऐकू येतो, तेलाच्या वासासकट. आणि तरी गौरीच्या आदल्या रात्री मी ती ट्यूब फोडलीच. वीस वर्षं बँकेत कर्जाच्या फायली बघतोय. कुठं काही सैल दिसलं की माझा हात शिवशिवतो. खरं सांगायचं तर तेवढंही नाही. मला आत्याच्या मोबाइलमध्ये एक न अडखळणारा व्हिडिओ हवा होता.

त्या संध्याकाळी भांडी आवरल्यावर मुक्ता गाडी घेऊन खुर्चीशी गेली. माझ्याकडे आली नाही. अण्णांनी चष्मा वर सरकवला, गाडी कानाशी नेली, हलवली. मग त्यांनी जो पहिला प्रश्न विचारला तो सांध्याबद्दल नव्हता.

"तिकडं मंगळावर बिघडली, तर फिटर कोण जातं?"

"कुणीच नाही आजोबा."

अण्णांना हे फार वाईट वाटलं. नंतर तासभर ती त्यांना सांगत होती आणि मी दुसऱ्या खोलीतून ऐकत होतो. इथून निघालेला निरोप तिथं पोचायला कधी तीन मिनिटं लागतात, कधी बावीस, म्हणून रिमोट चालत नाही. दिवसाचं सगळं काम आधी लिहून पाठवायचं आणि वाट बघायची. क्युरिऑसिटीची अॅल्युमिनियमची चाकं अर्धा मीटर व्यासाची, पण त्यांचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर जाड, आणि पहिल्या वर्ष-दीड वर्षातच टोकदार दगडांनी त्यांना भोकं पाडली. मग तिला काही वेळा उलट्या तोंडानं चालवलं, चाकांवरचा मार कमी व्हावा म्हणून. आणि स्पिरिट नावाच्या दुसऱ्या गाडीची गोष्ट. 2006 मध्ये तिचं पुढचं उजवं चाक कायमचं अडकलं. त्यानंतर ती उलटी चालायची, ते मेलेलं चाक मागं फरपटत. पुढच्या वर्षी त्या फरपटीच्या चरात खालची पांढरीशुभ्र माती वर आली, आणि ती जवळजवळ निव्वळ सिलिका निघाली. अशी माती होते ती गरम पाण्यानं किंवा वाफेनं. म्हणजे एके काळी तिथं तसलं काही होतं.

"म्हणजे लंगडीनं नांगरलं म्हणायचं," अण्णा म्हणाले. खूश झाले होते. फिटर न जाता काम झालं याचं नव्हे, बिघाडातून काही निघालं याचं.

मी त्या रात्री उशिरापर्यंत वाचत बसलो. स्टीफन पाकबाझ नावाचा एक इंजिनिअर, ज्यानं नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेत खऱ्या क्युरिऑसिटीवर काम केलं, त्यानं तीच गाडी लेगोच्या ठोकळ्यांत पुन्हा रचली, आणि 2014 साली ती 295 तुकड्यांचा संच म्हणून बाजारात आली. तिचे हातही खऱ्यासारखे डुलतात. ज्यानं खरी बनवली त्याला खेळण्यातली का बनवावीशी वाटावी? मला त्या माणसाचा हेवा वाटला. मुलीला हे सांगावं म्हणून उठलो, तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो आणि परत आलो. त्या दिवशी तरी त्या गाडीबद्दल तिला काही सांगायचा हक्क मला आहे असं वाटेना.

चिकटलेला सांधा सोडवण्याचा मान मी मागून घेतला, आणि तोही अर्धाच मिळाला. मी नेलपॉलिश काढायचं पाणी आणलं, तर मुक्तानं ते हातातून काढून घेतलं. त्यानं गोंदाआधी ठोकळाच विरघळतो. अण्णांनी गाडीचा तो हात अख्खा सुटा करायला लावला, पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायला सांगितला, बर्फाच्या ट्रेवर, मटारांच्या शेजारी. गारठला की गोंद ठिसूळ होतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी धोतराच्या जुन्या फडक्यात तो धरला, पकडीनं पिन धरली, आणि न ओढता नुसती हलकेच पिळली. एकदा इकडं, एकदा तिकडं. हात थरथरतात त्यांचे, चहाची कपबशी वाजते, पण पकड धरली की थांबतात. टक्. पट्टी सुटली. पिनेचं अर्धं डोकं आतच राहिलं. ती पट्टी आता कामाची नाही. माझ्या टेबलाच्या खणात आहे, पेनांजवळ.

मग अण्णांनी खरा दोष दाखवला, जो मला, मुक्ताला, कुणालाच दिसला नव्हता. "एका बाजूनंच धरलंयस बेटा. म्हणून निसटतं." छोटा हात पिनेवर नुसता बाहेरून लटकत होता, सगळा भार तिच्या ओठावर. त्याला दोन्ही बाजूंनी पट्ट्या हव्या होत्या, आणि पिनेच्या जागी आरपार दांडा. मुक्तानं फुलीच्या आकाराचा एक लांब दांडा शोधला, ऐन वेळी मिळतच नाही तो, दिवाणाखाली सापडला, त्याच्यावर गोल भोकाची पट्टी ओवली आणि टोकाला टोपण चढवलं. ती ते दाबून बसवणार तेवढ्यात अण्णांनी तिचं मनगट धरलं. पेपरचा कोपरा फाडला, दुमडला नाही, एकेरीच, टोपण आणि पट्टीच्या मध्ये सरकवला. "आता दाब." तिनं दाबलं. "आता कागद ओढ." कागद सुळकन निघाला. छोटा हात एकदा इकडं, एकदा तिकडं डुलला आणि आपोआप थांबला.

मी उभा होतो. मला कुणी बस म्हणालं नाही, जा पण म्हणालं नाही.

अनंत चतुर्दशीच्या सकाळी उंबऱ्याची परीक्षा झाली. पाहुणे नाहीत, व्हिडिओ नाही. माझा मोबाइल मी मुद्दाम चार्जिंगला लावला होता आणि तरी दोनदा तिकडं हात गेला. गाडी सरळ उंबऱ्याला भिडली. पुढची चाकं दगडावर नुसती घासत राहिली, रबराचा वास सुटला, आत कुठंतरी दात निसटायला लागले, कट्, कट्, कट्. मला वाटलं आता ती उचलेल. मी असतो तर उचलली असती, मागून बोट तरी लावलं असतं. तिनं मोटर बंद केली. बघत बसली. मग गाडी जागच्या जागी वळवून उलटी लावली, आणि सोडली. आता छोटे हात पुढं होते. त्यांचं पहिलं चाक उंबऱ्याला टेकलं, हात मागं झुकला, मधल्या चाकानं रेटा दिला आणि ते पहिलं चाक अगदी आळशासारखं वर सरकत सरकत कडेवर आलं. डाव्या बाजूचं आलं, उजव्या बाजूचं अजून खालीच. धड तिरकं झालं, पण निम्मंच. मग उजवं. मग मधली दोन. शेवटची दोन चाकं एक क्षण अडली, कट् असा एकच आवाज झाला, आणि गाडी स्वयंपाकघराच्या फरशीवर धपकन उतरली.

अण्णा तिथं खाली पाटावर मटार सोलत बसले होते, फ्रीझरमध्ये शेजार केलेलेच बहुतेक नसावेत, ताजे दिसत होते. गाडी सरळ त्यांच्या रोखानं निघाली, सेकंदाला दोनेक सेंटिमीटर. तिला वळता येतं, पण मुक्ता बटण दाबायचं विसरली होती. अण्णांनी ती येताना पाहिली, परात बाजूला केली, आणि सावकाश पाय पोटाशी घेऊन तिला वाट दिली.

"बाहेरून आलीय," बायको ओट्यापासूनच म्हणाली. "आधी चाकं पुसा तिची."